पदवी, परवाना आणि रुग्णाची खाट

डॉक्टर व्हायला परदेशी जावे की इथेच शिकावे, हा प्रश्न आज 'नीट'चा निकाल लागला की घरोघरी निघतो. तो नवा नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या, त्या याच प्रश्नाचे उत्तर द्यायला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : मद्रासला कॉलेज आहे, प्रसूतिविद्येचे वर्ग सर्वच इलाख्यांत आहेत; पण तिथले शिक्षण अपुरे आहे आणि शिकवणाऱ्यांची दृष्टी उदार नाही. त्याच वर्षी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार स्त्रियांसाठी उघडले. आनंदीबाईंनी मात्र एप्रिलमध्येच कलकत्त्याहून बोट धरली होती.

११ मार्च १८८६ला फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीविभागाची जागा त्यांना मिळाली. पण त्या परतल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या गेल्या. ही कथा आपल्याला पाठ आहे. तिच्या शेजारी आणखी दोन चरित्रे ठेवली, तर मूळ प्रश्नाचे रूप पालटते.

पहिले कादंबिनी गांगुली यांचे. त्यांनी घरीच, कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतले. १८८६ साली त्यांना व्यवसायाची मुभा देणारा कॉलेजचा दाखला मिळाला, विद्यापीठाची एम.बी. मात्र हुकली. पुढे १८९३ साली त्यांना विलायतेला जाऊन एडिंबरा, ग्लासगो आणि डब्लिनचे परवाने आणावे लागले. शिक्षण घरचे, पण मान्यता बाहेरून आणावी लागली.

दुसरे डॉ. रखमाबाईंचे. त्या १८८९मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत गेल्या. ही शाळा १८७४ साली निघाली होती. पण १८७७पर्यंत कोणतेही मोठे रुग्णालय तिच्या विद्यार्थिनींना वॉर्डात पाऊल ठेवू देत नव्हते. व्याख्याने होती, रुग्ण नव्हते, आणि त्यामुळे शाळा बंद पडायच्या बेतात आली होती. 'रॉयल फ्री' रुग्णालयाने दार उघडले तेव्हा ती तगली. रखमाबाई आल्या तोवर ती सोय रुजली होती. लंडनच्या रॉयल कॉलेजांची परीक्षा स्त्रियांना तेव्हाही बंद असल्याने परवाना त्यांनी स्कॉटलंडहून मिळवला. नंतर सुरत आणि राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे सेवा केली.

तिघींच्या वाटा वेगळ्या, पण अडचणी दोनच : रुग्णापाशी उभे राहून शिकायला कुठे मिळते, आणि त्या शिक्षणावर शिक्का कोण मारतो. देश कोणता, हा मुद्दा त्यानंतरचा.

१९३०मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदुस्थानी वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यांचा जुना आक्षेप पुस्तकी ज्ञानावर नव्हता. इथल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष बाळंतपणे पुरेशी हाताळायला मिळत नाहीत, असा होता. त्यामागे साम्राज्याचा तोरा होता, हे खरेच. पण आक्षेप निरर्थक नव्हता. त्याच धामधुमीतून १९३३चा मेडिकल कौन्सिलचा कायदा आला आणि शिक्का मारण्याचा अधिकार घरी आला.

आज तोच प्रश्न आपण परदेशाला विचारतो. बहुतेक परदेशी पदवीधरांना २००२पासून चाळणी परीक्षा द्यावी लागते : ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५० गुण. नोव्हेंबर २०२१च्या नियमांनी आणखी अटी घातल्या : किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात व्यवसाय करण्याची पात्रता आणि परतल्यावर इथे पुन्हा १२ महिने. २०२२मध्ये युद्धामुळे युक्रेनमधून आणि महासाथीमुळे चीनमधून परतलेल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसण्याची सवलत मिळाली. इंटर्नशिप मात्र एकाऐवजी दोन वर्षांची झाली. पडद्यावर पाहिलेला वॉर्ड धरला गेला नाही.

हा नियम कठोर वाटतो, आणि कर्ज काढून मूल पाठवलेल्या घराला तो जाचतोही. पण चाळणी परीक्षा कागदावर ज्ञान मोजते. नाडीवरचे बोट ती मोजू शकत नाही. रशियात वा जॉर्जियात वर्ग इंग्रजीत भरतो. खाटेवरचा रुग्ण आपले दुखणे रशियनमध्ये नाहीतर जॉर्जियनमध्ये सांगतो. ती भाषा न शिकलेला विद्यार्थी वॉर्डात उभा असूनही बाहेरच राहतो. घरच्या कॉलेजालाही हीच कसोटी लावायला हवी : शुल्क लाखांत आणि खाटा रिकाम्या, अशा ठिकाणी भाषा आपली असून उपयोग काय?

म्हणून पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. रुग्णालयात रोज रुग्ण किती येतात? विद्यार्थ्याला त्यांना हात लावू देतात का? त्यांची भाषा शिकवतात का? आणि तिथल्या पदवीवर तिथे तरी व्यवसाय करता येतो का? आनंदीबाईंनी जाण्यापूर्वी भर सभेत इथल्या शिक्षणाचा हिशेब मांडला होता. आपण तो निदान घरात तरी मांडावा.