चिकटवहीचे पान मांडताना

चिकटवही नव्याने करायला घेतली की एक चूक हमखास होते. ईदचे आठही फोटो एकाच पानावर, वर टिकल्या, रिबन आणि स्टिकर. मग नजर कुठेच ठरत नाही.

उपाय सोपा आहे. एका पानावर एकच प्रसंग घ्या. त्यातला सर्वांत बोलका फोटो मोठा ठेवा, सोबत दोनच लहान. मोठा फोटो मधोमध न लावता थोडा एका बाजूला सरकवा. त्यातल्या माणसाचा चेहरा पानाच्या आतल्या बाजूला वळलेला असावा. रंग फोटोतलेच दोन निवडा. मेहंदीचा फोटो असेल तर हिरवा आणि विटकरी. चारही कडांना बोटभर जागा मोकळी सोडा. सगळे आधी नुसते मांडून पाहा, पटले तरच चिकटवा.

जुना फोटो कधीच कापू नका. त्याची प्रत काढून ती कापा. सेलोटेप कालांतराने पिवळी पडते आणि डाग ठेवते. ॲसिड-फ्री कागद आणि फोटो अडकवायचे कागदी कोपरे वापरा, म्हणजे फोटो पुन्हा काढता येतो.

मजकुराची जागा मात्र आधीच राखा. फोटोत कोण आहे, कुठला आहे, कोणत्या साली काढला, हे दादींना विचारून लिहा. निकाहच्या फोटोत मागे उभ्या असलेल्या बाई कोण, हे घरात आता कदाचित त्यांनाच ठाऊक असेल. सजावट पुढच्या महिन्यातही होईल. नावे आजच विचारून घ्या.