‘फरक नाही’ म्हणजे नेमकं काय?

पक्षाघातानंतर रुग्णाचे व्यायाम घरच्यांनाच शिकवले तर? भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीने हे तपासलं. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. सहा महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी रुग्ण: घरच्यांना प्रशिक्षण दिलेल्या गटात ४७ टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटातही ४७ टक्के.

हा आकडा ‘रँकिन’ मोजपट्टीवरचा. तिथे ० म्हणजे कसलाही त्रास नाही, ६ म्हणजे मृत्यू. आणि ३ ते ६ सगळे एकाच खान्यात. अंथरुणाला खिळलेला रुग्ण (५) आधाराविना चालू लागला, पण रोजच्या कामांत थोडी मदत लागतेच (३), तर या टक्केवारीत तो जागचा हलत नाही. घरच्यांना मात्र तो फरक लगेच कळतो!

नातेवाइकांना हा निष्कर्ष सांगताना डॉक्टरांनी एक गोष्ट आवर्जून स्पष्ट करावी. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळत होते. त्यामुळे व्यायाम निरुपयोगी ठरलेले नाहीत. या पद्धतीने कुटुंबाला दिलेल्या जादा प्रशिक्षणाने फायद्यात भर पडली नाही, इतकंच. फिजिओथेरपिस्टचं काम घरच्यांवर सोपवून मोकळं व्हायला या चाचणीचा आधार घेता येणार नाही.