समुद्रकाठी मुक्काम कशासाठी?

वडोदरा शहर समुद्रकाठी वसलेले नसले, तरी सागरी जीवांच्या अभ्यासाशी त्याचा संबंध शंभराहून अधिक वर्षांचा आहे. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचा ओखामंडळ हा मुलूख बडोदे संस्थानात मोडत असल्यामुळे तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत जेम्स हॉर्नेल या प्राणिशास्त्रज्ञाने तेथील सागरी जीवांची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९०९ व १९१६ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. मोती, शंख आणि मासळी यांपासून संस्थानाला काय मिळू शकेल, हे त्या पाहणीत तपासायचे होते. आज कच्छच्या आखाताच्या याच दक्षिण किनाऱ्यावर शाळकरी मुलांची निसर्गशिक्षण शिबिरे भरतात, त्यांत मात्र या जीवांची नुसती ओळख करून घ्यायची असते.

जामनगरच्या बाजूने पसरलेल्या या किनारपट्टीला १९८० साली अभयारण्याचा आणि तिच्या काही भागाला १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. देशातील हे पहिलेच सागरी राष्ट्रीय उद्यान होय. वाडीनारजवळच्या नरारा येथे ओहोटीच्या वेळी पाणी मागे सरले, की बोटीत न बसता, पाण्यात न बुडता, गुडघाभर पाण्यातून चालत प्रवाळांपर्यंत पोहोचता येते, आणि म्हणूनच मुलांसाठी ही जागा विशेष सोयीची ठरते.

वडोदऱ्याहून जामनगर सुमारे ४०० किलोमीटर असल्याने मुक्काम अटळच असतो. परंतु अंतर कमी असते तरीही तो आवश्यकच ठरला असता. भरती आणि ओहोटी दिवसातून साधारणपणे दोन-दोनदा येतात आणि चंद्राच्या गतीमुळे त्यांची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वाधिक चढते व उतरते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी होतो, त्यास भांग म्हणतात. कोकणात तिथीच्या आकड्याला तीनाने गुणून चाराने भागले, की भरतीचा अंदाजे तास मिळतो, असा जुना हिशेब आहे. संध्याकाळी जेथे पाय बुडाले तेथे रात्री लाटा उसळताना आणि सकाळी पुन्हा खडक उघडा पडलेला पाहिल्याशिवाय या हिशेबाचा अर्थ मुलांना उमगत नाही.

उघड्या पडलेल्या खडकावर पाहण्यासारखे पुष्कळ असते. प्रवाळ दगडासारखा दिसला, तरी तो पॉलिप नावाच्या सूक्ष्म जीवांची वसाहत असतो. हे जीव चुन्याचे घर बांधतात, त्यांच्या शरीरात राहणारी एकपेशीय शैवले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात, आणि पाणी फार तापले की ही शैवले निघून जाऊन प्रवाळ पांढरे पडतात. खडकातल्या डबक्यांत स्पर्श होताच शुंडके आत ओढून घेणारी समुद्रफुले, दगडाचा रंग घेणारा ऑक्टोपस आणि डिवचल्यास फुग्यासारखा फुगणारा केंड मासा आढळतो. मात्र फुगणे हा केंडाचा जीव वाचवण्याचा उपाय आहे, मुलांच्या करमणुकीचा नव्हे. त्यामुळे त्याला मुद्दाम डिवचून दाखवणारा मार्गदर्शक धडाच चुकीचा देतो. प्रवाळांवर पाय न ठेवणे, उलटलेला दगड पुन्हा जागेवर ठेवणे आणि शंख-शिंपले घरी न नेणे, हे तीन नियम मुलांच्या अंगवळणी पडले, तर शिबिराचे निम्मे काम झाले.

महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथेही मुक्कामाचे महत्त्व असेच दिसते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम सुरू केले. घरट्यातून निघालेली पिल्ले सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडली जात असल्याने पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, आणि त्यातून गावालाही चार पैसे मिळतात.

दूर जाण्याआधी वडोदऱ्याच्या मुलांनी सयाजीबागेतील संग्रहालय अवश्य पाहावे. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सुमारे ७० फुटी सांगाडा तेथे आहे. पालकांनीही शिबिराची निवड करताना जेवणाखाण्याच्या आणि राहण्याच्या सोयींबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : तारखा ओहोटीच्या वेळा पाहून ठरवल्या आहेत का, एका मार्गदर्शकामागे मुले किती, आणि जीवांना हात लावण्याबाबत नियम काय. या प्रश्नांची नेमकी उत्तरे ज्या आयोजकांकडे नसतील, त्यांच्याबरोबर मुलांना समुद्रकाठी पाठवू नये.