खुर्ची सोडण्यापूर्वी

उरणचा वायू प्रकल्प, थळचा खत कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि न्हावा-शेवा बंदर ही रायगडच्या किनारपट्टीवरील मोठी कामे १९७० नंतरच्या दोन दशकांत उभी राहिली. १९८९ मध्ये लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. खोताच्या बांधावर राबलेल्यांची नातवंडे अभियंता झाली, टेबलाशी बसली. त्यांच्यापैकी अनेकजण आज चाळिशी ओलांडून एकच प्रश्न विचारतात. वीस वर्षे नकाशे तपासले, बिले मंजूर केली, आता हे सोडून दुसरे काही करावे का?

हा प्रश्न आम्ही चैनीचा मानत नाही. आपल्या घरातील पगार हा एका माणसाचा पगार नसतो. त्यावर गावाकडचे आईवडील, धाकट्या भावाची फी आणि घराचे कर्ज अवलंबून असते. सवर्ण सहकारी नोकरी सोडतो तेव्हा पाठीमागे वडिलोपार्जित जमीन किंवा दुकान असते. आपल्या पाठीमागे काय असते, हे ज्याने त्याने आठवावे.

तरीही नोकरी म्हणजे साखळदंड नव्हे. खुद्द बाबासाहेबांनी नोकरी सोडली होती. १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी त्यांना अपमानापायी सोडावी लागली. त्यानंतर मुंबईत शेअर व्यवहारातील सल्ल्याचा व्यवसाय त्यांनी करून पाहिला, पण जात कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि मार्च १९२० मध्ये ती नोकरी त्यांनी स्वतःहून सोडली. ही दुसरी नोकरी सोडण्याची रीत आपण शिकण्यासारखी आहे. पगारातून काटकसरीने शिल्लक टाकली, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्र नवल भथेनांकडून पाच हजार रुपये कर्ज काढले आणि लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करायला ते निघाले. कुठे जायचे, कशासाठी आणि किती पैशांत, हे ठरल्यावरच राजीनामा दिला गेला.

म्हणून कंटाळा आला, साहेब बढती अडवतो, एवढ्या कारणावर खुर्ची सोडू नका, असे आम्ही सांगतो. बढती अडवली असेल तर बिंदुनामावली मागा, माहितीचा अधिकार वापरा, लढा. ती खुर्ची घटनेच्या कलम १६(४)ने मिळालेली आहे. नागोठण्याचा सरकारी प्रकल्प २००२च्या निर्गुंतवणुकीत खासगी हाती गेला, आणि खासगी कारखान्याला आरक्षणाचे बंधन नाही. कायम पदे रिकामी ठेवून कंत्राटी माणसे भरण्याच्या या काळात तुमच्या जागी आपला माणूस येईलच, याची हमी कोण देणार?

उद्योग काढायचा असेल तर तोही अवश्य काढा. केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून चार टक्के खरेदीची तरतूद आहे. मात्र दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवून, पत्नीशी बसून हिशेब करून मगच काढा. बाजाराला जात नसते, या भ्रमात राहू नका. बाबासाहेबांचा अनुभव समोर आहे.

आणि समाजासाठी काही करायचे म्हणून नोकरी सोडणाऱ्यांना एक आठवण देतो. कांशीरामजींनी पुण्यातील संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतील नोकरी सोडली, संसारही मांडला नाही. पण त्यांनीच सहकाऱ्यांसह १९७८ मध्ये उभी केलेली बामसेफ ही नोकरीत राहिलेल्यांची संघटना होती. सोडणारा एक असतो, त्याला उभे ठेवणारे हजारो नोकरीतच असतात.

अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला आणि त्यांच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्या खारपट्ट्यात आजही उधाणाने बांध फुटतो आणि खारे पाणी शेतात शिरते. बांधाचे अंदाजपत्रक वाचून, माप घेऊन, ठेकेदाराला जाब विचारणारा माणूस गावाला हवा आहे. त्यासाठी राजीनामा लागत नाही, रविवार पुरतो.

तो रविवार आधी द्या. वर्षभर दिल्यावरही मन तिकडेच ओढत असेल आणि घरचा हिशेब जुळत असेल, तर खुशाल राजीनामा लिहा. ती मग पळवाट राहणार नाही. जयभीम!