डोस दिला, पण रक्तात किती उरला?

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तीन वर्षांत डे-केअर कॅन्सर केंद्र, त्यातली २०० पहिल्याच वर्षी, ही २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातली घोषणा. उज्जैनकरांना तिचं मोल वेगळं सांगायला नको. केमोसाठी रात्रीची अवंतिका एक्सप्रेस पकडून मुंबईला, परळच्या टाटाला जाणारं एखादं तरी घर आपल्या ओळखीत असतंच. तीच सलाईन घराजवळ लागणार असेल तर ती हवीच. मात्र खाटा, नर्स आणि मोफत औषधांच्या चर्चेत एक गोष्ट मागेच राहते: दिलेलं औषध रक्तात किती आहे, हे मोजायची सोय.

केमोचा डोस बहुतेक वेळा उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठफळावर ठरतो. या हिशेबाचं जे सूत्र जगभर रुजलं, ते द्यु बॉय यांनी १९१६ मध्ये अवघ्या नऊ जणांच्या मोजमापांवरून बसवलं होतं. यकृत औषध किती झपाट्याने मोडतं, मूत्रपिंड ते किती वेगाने बाहेर टाकतं, याचा त्यात पत्ताच नाही. फ्रान्समधल्या गामेलँ यांच्या चमूने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या २०८ रुग्णांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध नेहमीच्या हिशेबाने दिलं, दुसऱ्याला रक्तातली पातळी पाहून डोस कमी-जास्त केला. पहिल्या गटात सुमारे १८ टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या, दुसऱ्यात जवळपास ३४ टक्के. तीव्र जुलाबाचा त्रासही दुसऱ्या गटात कमी झाला. आयुष्य वाढल्याचं मात्र त्यातून ठामपणे सिद्ध झालं नाही. तरी एवढा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत तर मोजमापाचा थेट जिवाशी संबंध येतो. हे पिवळंधमक औषध ज्या कुळातलं, त्या कुळाच्या जन्मात आपले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा आहे. हाडाच्या कॅन्सरमध्ये आणि मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते कधी कधी इतक्या मोठ्या मात्रेत देतात की मागोमाग ल्युकोव्होरिनचा उतारा दिला नाही तर रुग्ण दगावू शकतो. उतारा किती द्यायचा आणि किती दिवस, हे रक्तातली पातळी सांगते. साधारणपणे ४८ तासांनी ती लिटरमागे एक मायक्रोमोलच्या आत आणि ७२ तासांनी ०.१ च्या आत यावी लागते. मूत्रपिंड अडखळलं तर आकडा खाली उतरत नाही, आणि रुग्णाला त्याची जाणीव होईपर्यंत उशीर झालेला असतो.

हे मोजण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफी. नेमक्या वेळी रक्त काढायचं, वेळ नळीवर लिहायची आणि प्रकाशाने औषध बिघडू नये म्हणून नळी चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळायची. प्रयोगशाळेत प्लाझ्मा वेगळा करून त्यातली प्रथिनं साक्याच्या रूपात खाली बसवतात आणि वरचा निवळ द्रव बोटभर लांबीच्या पोलादी कॉलममधून प्रचंड दाबाने पुढे ढकलतात. संध्याकाळी उज्जैनच्या टावर चौकातून जाणाऱ्या गर्दीत कुणी प्रत्येक दुकानापाशी रेंगाळतो, कुणी सरळ पुढे निघतो. तसे द्रवातले घटक आपापल्या वेळेला कॉलममधून बाहेर पडतात. पडद्यावर मेथोट्रेक्सेटचं शिखर उमटतं, आणि त्याच्या क्षेत्रफळावरून मात्रा कळते.

प्रतिपिंडांवर आधारलेली तयार किट झटपट आकडा देते, हे खरं. पण औषध फारच साचलं की ग्लुकारपिडेज हे महागडं विकर देतात. ते मेथोट्रेक्सेटचे तुकडे करतं आणि किट त्यातल्या एका तुकड्यालाच मूळ औषध समजते. आकडा खोटा फुगतो. अशा वेळी दोघांना वेगळं ओळखायला क्रोमॅटोग्राफीच लागते.

खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये अशा कामासाठी क्लिनिकल फार्माकॉलॉजीचा विभाग आहे. पण ४८ तासांच्या नमुन्याचा निकाल त्याच दिवशी हातात हवा असतो. खारघर त्यासाठी फार लांब आहे. मग माळव्यात हे यंत्र नाही का? आहे की! देवास आणि पीथमपूरच्या औषध कारखान्यांत गोळीतलं औषध बरोबर आहे का, हे याच यंत्रावर तपासतात. गोळीची इतकी काटेकोर तपासणी होते, आणि ती गिळणाऱ्याच्या रक्ताची मात्र नाही, हे मला मुळीच पटत नाही.

पातळी न मोजता जास्त दिवस सलाईन आणि उतारा चालू ठेवून, मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी रक्तातल्या क्रिएटिनिनवर नजर ठेवून मोठ्या मात्रेचं मेथोट्रेक्सेट देण्याची वाट देशातल्या काही डॉक्टरांनी जबाबदारीने चोखाळली आहे. ती नाइलाजाची वाट आहे. प्रत्येक जिल्ह्यात यंत्र नको, आणि सगळ्याच केमोला ही तपासणी लागत नाही. उज्जैन-इंदूर पट्ट्यात सरकारी खर्चाने चालणारी एक प्रयोगशाळा, रोज नमुने नेणारी एक गाडी आणि यंत्रावर बसणारा प्रशिक्षित माणूस एवढं पुरेसं आहे. मोठ्या मात्रेचं मेथोट्रेक्सेट डे-केअरमध्ये देत नाहीत. ते देणाऱ्या मोठ्या रुग्णालयांनाही हीच प्रयोगशाळा उपयोगी पडेल. डे-केअर केंद्रांचा आराखडा आखतानाच तिची तरतूद करून घ्यायला हवी, आणि ती मागणी लोकप्रतिनिधींपुढे आपणच ठेवली पाहिजे.