गंजाला लागणारा गंज

आपल्या वऱ्हाडांत पातेल्याला ‘गंज’ म्हणतात, आणि लोखंडावर चढणाऱ्या तांबूस थरालाहि गंजच म्हणतात. ॲल्युमिनियमचा, म्हणजे लोकांच्या बोलींतील ‘जर्मनचा’, गंज कधीं गंजत नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत असते. माझीहि तीच होती.

दर्यापूर तालुक्यांत मी शिक्षक असतांना घरीं असा एक नवा गंज घेतला. विहिरीचें पाणी सायंकाळीं त्यांत तापवीत, आणि उरलेलें कोमट पाणी रात्रभर त्यांतच राही. वर्ष भरण्याच्या आंतच बुडाशीं पांढऱ्या भुकटीच्या पुळ्या दिसूं लागल्या. एक पुळी खरवडली, तों खालीं टांचणीच्या टोंकाएवढें भोंक! आईनें माझ्या पत्नीच्या आळसास दोष दिला. ती बिचारी राखेनें अधिकच जोर लावून घासूं लागली, आणि गंज अधिकच लवकर निकामी झाला. मी मास्तर असूनहि गप्प बसलों. कारण खरा प्रकार मलाहि ठाऊक नव्हता.

तो प्रकार असा. ॲल्युमिनियमला हवा लागतांच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. एका मिलिमीटरचे लाख भाग केले, तर त्यांतील एका भागाइतकीहि त्याची जाडी भरत नाहीं; पण तोच त्या धातूचें कवच होय. गोड्या पाण्यांत तें बहुधा टिकतें. परंतु पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा आहे, तेथील विहिरींच्या पाण्यांत क्षार पुष्कळ असतात. मिठांतील क्लोराइड या कवचाची दुबळी जागा हेरून तेथें भोंक पाडतें. पाणी स्थिर असलें म्हणजे तें भोंक खोल जातें. पुळींतील भुकटी म्हणजे झिजलेल्या ॲल्युमिनियमचेंच हायड्रॉक्साइड होय.

पाणी जितकें अधिक तापेल तितकें अधिक खाईल, असें वाटणें साहजिक आहे. पण तसें नाहीं. अशीं भोंकें कोमट पाण्यांत, सुमारें ४० ते ५० अंशांवर, फार पडतात. ७५ अंशांच्या पुढें मात्र धातूवर बोहमाइट नांवाचा दाट थर चढतो, व भोंकांची वाढ मंदावते. पाणी उकळून गंज आंतून काळवंडतो, तो अशा थरामुळेंच. तो मळ नव्हे. आम्ही घासून काढीत होतों तें कवचच!

सोडा टाकून उकळल्यासहि हें कवच विरघळतें. तसेंच तांब्याच्या बंबांतील ऊन पाणी या गंजांत भरून ठेवूं नये. त्या पाण्यांतून आलेलें तांबें ॲल्युमिनियमवर बसतें, आणि तेथें विजेचा सूक्ष्म घट तयार होऊन धातु झिजूं लागतो.

तेव्हां नव्या गंजांत प्रथम गोडें पाणी अर्धा तास खळखळ उकळावें. पाणी तापतांच दुसऱ्या भांड्यांत काढावें, आणि गंज विसळून, कोरडा पुसून पालथा घालावा. राख लावूं नये. वान व शहानूर धरणांचें गोडें पाणी आतां कित्येक गांवीं नळानें येतें. जेथें अजून विहिरीवरच भिस्त आहे, तेथें ही काळजी अधिक हवी.

आमच्या घरीं दोष पत्नीचा नव्हता, पाण्याचा होता. मला हें फार उशिरां कळलें. आपल्या घरीं कोणास विनाकारण बोल लागूं नये, म्हणून आज हें सांगितलें.