शेपटीवरचा बिल्ला

मुलांनो, सांगलीच्या कृष्णेत आणि महाडच्या सावित्री नदीत मगरी आहेत, हे तुम्ही ऐकलं असेलच. या मगरीचा एक चुलतभाऊ दूर अमेरिकेत राहतो. त्याचं नाव ॲलिगेटर. दिसायला अगदी मगरीसारखा, पण तोंड मिटलं की फरक कळतो. मगरीच्या खालच्या जबड्यातला चौथा दात तोंड मिटल्यावरही बाहेर दिसतो. ॲलिगेटरचे खालचे दात मात्र आत दडून बसतात.

अमेरिकेच्या आग्नेय कोपऱ्यात फ्लोरिडा नावाचं राज्य आहे. तिथे सुमारे १३ लाख ॲलिगेटर आहेत. तळी, दलदली, कालवे, एवढंच काय, गोल्फच्या मैदानावरच्या डबक्यातसुद्धा ते सापडतात. आणि गंमत म्हणजे, या राज्यात दरवर्षी सरकार स्वतःच लोकांना त्यांच्या शिकारीचे परवाने देतं!

वर्गात मी हे सांगितलं, तेव्हा मुलं एकदम ओरडली, "बाई, सरकारच मारायला सांगतं?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल.

ॲलिगेटरच्या कातड्याच्या पर्स, बूट आणि पट्टे बनतात. त्याला पैसाही भरपूर मिळतो. त्यामुळे पूर्वी ज्याला वाटेल त्याने, वाटेल तितके ॲलिगेटर मारले. शिल्लक किती राहिले, ते कोणी मोजलं नाही. शेवटी अशी वेळ आली, की १९६७ साली अमेरिकेच्या सरकारला हा प्राणी धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घालावा लागला. शिकार बंद झाली. चोरटा व्यापार रोखायला कायदे कडक झाले. ॲलिगेटरची मादी एका वेळी साधारण ३० ते ५० अंडी घालते. त्यातली बरीच पिल्लं पक्षी, मासे आणि मोठे ॲलिगेटर खातात. पण माणसाने हात आवरला, तेव्हा उरलेली पिल्लं मोठी होऊ लागली. १९८७ साली सरकारने जाहीर केलं, की ॲलिगेटर आता सावरला आहे. आणि १९८८ पासून फ्लोरिडाने लोकांसाठी शिकारीचा हंगाम सुरू केला. मात्र या वेळी नियम आधी आले आणि शिकार नंतर!

आता हे नियम पाहू या. यात तुमचं गणितही उपयोगी पडेल.

पहिलं काम मोजणीचं. वन्यजीव खात्याची माणसं रात्री होडीतून निघतात आणि पाण्यावर प्रखर दिवा फिरवतात. प्रकाश पडला, की ॲलिगेटरचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात. ते मोजायचे. या मोजणीवरून कुठल्या तळ्यातून किती ॲलिगेटर काढले तरी पुढच्या वर्षी संख्या टिकून राहील, हे ठरतं. तितकेच परवाने निघतात. अर्ज मात्र परवान्यांपेक्षा कितीतरी जास्त येतात, म्हणून सोडत काढतात. परवाना मिळायला वय १८ वर्षं पूर्ण लागतं.

एका परवान्यावर दोन बिल्ले मिळतात. म्हणजे ॲलिगेटर दोनच! त्यातही जागा ठरलेली आणि तारखाही ठरलेल्या. हंगाम १५ ऑगस्टला सुरू होतो आणि १ नोव्हेंबरला संपतो. १८ इंचांहून लहान पिल्लाला हात लावायचा नाही. एव्हरग्लेड्सच्या राष्ट्रीय उद्यानात तर शिकारीला बंदीच आहे.

बंदूक घेऊन लांबून धडाधड गोळ्या झाडता येत नाहीत, बरं का! आधी भाला, फास किंवा दोरी बांधलेला बाण वापरून ॲलिगेटरला दोरीने पकडायचं. तो पक्का धरला गेला, की मगच त्याला मारता येतं. असं का? तर गोळी लागून जखमी झालेला ॲलिगेटर पाण्यात बुडी मारून नाहीसा होईल. तो मरेलही, पण हिशेबात धरला जाणार नाही.

मारल्याबरोबर बिल्ला शेपटीच्या टोकाजवळ पक्का लावायचा आणि २४ तासांच्या आत खात्याला माहिती भरून द्यायची. हा बिल्ला पुढे कातड्याबरोबर राहतो. कारण फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला खरी मगरही आहे आणि ती दुर्मीळ आहे. कातडं कमावल्यावर दोघांतला फरक ओळखणं कठीण. बिल्ला नसेल, तर कोणीही मगरीचं कातडं ॲलिगेटरचं म्हणून विकेल!

इतकी काळजी कशासाठी? ॲलिगेटर दलदलीत तोंडाने आणि शेपटीने चिखल उपसून मोठा खड्डा करतो. कोरड्या हंगामात सगळीकडचं पाणी आटलं, तरी या खड्ड्यात ते टिकतं. मग मासे, कासवं, बगळे सगळे तिथे आसऱ्याला येतात. खड्डा करणारा गेला, तर यांचंही घर गेलं.

तरीही सगळ्यांना ही शिकार पटते असं नाही. मौजेसाठी जीव घेणं चुकीचंच, असं म्हणणारे अमेरिकेतही पुष्कळ आहेत. दुसरी बाजू म्हणते, की ॲलिगेटरला किंमत आली म्हणून लोक दलदली राखतात. लुइझियाना राज्यात बरीचशी दलदल खाजगी मालकीची आहे. तिथे बिल्ले जमिनीच्या हिशेबाने मिळतात. त्यामुळे दलदल बुजवण्यापेक्षा राखणं मालकाला परवडतं.

आपल्या देशाने वेगळी वाट धरली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीची शिकार पूर्ण बंद झाली. १९७५ पासून मगरीची पिल्लं वाढवून नद्यांत आणि तळ्यांत सोडण्यात आली. मगरी वाढल्या. पण नदीकाठच्या माणसांवर हल्लेही होतात, गुरं ओढली जातात. ज्या घरातलं माणूस गेलं, त्याला "मगरी वाचल्या" एवढं सांगून कसं भागेल? म्हणून मगरीबरोबर माणसाच्या सुरक्षिततेचे नियमही हवेतच.

फ्लोरिडाचा एक नियम तर आपणही उचलण्यासारखा आहे. तिथे ॲलिगेटरला खाऊ घालणं हा गुन्हा आहे. खाऊ मिळू लागला, की त्याची माणसाची भीती जाते. मग तो किनाऱ्याजवळ येऊ लागतो आणि शेवटी धोकादायक ठरून मारला जातो. म्हणजे खाऊ घालणाऱ्याने माणसांनाही धोक्यात घातलं आणि त्यालाही!

तेव्हा मगरी असलेल्या नदीकाठी गेलात, तर पाण्यापासून दूर थांबा. कोंबडीचे, मासळीचे टाकाऊ तुकडे पाण्यात टाकू नका आणि कोणी टाकत असेल, तर घरातल्या मोठ्यांना सांगा. आणि आज रात्री जेवताना आईबाबांना विचारा: बंदी बरी, की मोजूनमापून शिकार? दोन्ही बाजूंची कारणं वहीत लिहून काढा. पाहा बरं, कुठली बाजू जड होते ते!